माशांची पंगत आणि सासऱ्यांची मिशी

माशाला बोलावणं वेगळं आणि म्हशीला बोलावणं वेगळं, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही भर पाण्यात, होडीत बसल्यावर. त्याआधी कुणी मला हे सांगायला आला असता तर मी त्याच्याशी भांडलोच असतो. बारामतीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, शेंगपेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा. गिऱ्हाईक गाडी लावून आत येतंय तोवरच मी सांगतो की म्हैस दुधाला का कमी आली. निम्म्या वेळा माझं चुकतं, पण आवाज असा लावतो की गिऱ्हाइकाला विचारायचा धीर होत नाही.

या आवाजानंच माझं वाटोळं केलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी, आणि एक बाबा माझ्याशी हुज्जत घालत होता की तुमच्या पेंडीला कसलातरी वास मारतोय, म्हैस तोंड लावत नाही. माझं डोकं आधीच तापलेलं. तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन शेंगपेंडीच्या थप्पीवर पाणी गळणारी पिशवी ठेवली. मी वळूनही बघितलं नाही. ओरडलो, "उचला ती पिशवी! बाहेर ठेवा! पेंडीला वास लागतो. माणसाला काही कळतं का नाही?"

दुकान एकदम गप झालं. वळून बघतो तर सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. मामा पहाटे गळ टाकून, चिलापी धरून, लेकीला ताजे मासे द्यायला म्हणून एसटीनं आले होते. त्यांनी पिशवी उचलली, बाहेर ठेवायला म्हणून गेले, आणि तसेच स्टँडवर गेले. बायको पळत गेली तोवर गाडी सुटली होती. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, "तुझ्या दुकानदाराच्या उंबऱ्याला पुन्ना पाय लावला तर ही मिशी उतरवीन."

आता मामांची मिशी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. पांढरीशुभ्र, जाड, दोन्ही टोकं वर वळलेली. पंचक्रोशीत लोक त्यांचं नाव घेत नाहीत, "मिशीवालं" म्हणतात. वडील वारले तेव्हा रीतीप्रमाणं उतरवली होती तेवढीच. त्यानंतर न्हाव्यानं नुसती कात्री जवळ आणली तरी ते डोळे वटारतात. असल्या माणसानं मिशी पणाला लावली म्हणजे विषय संपला.

तीन वर्षं मी बायकोला माहेरी सोडायचो ते गेटपाशी, हॉर्न वाजवून परत. माफी मागायला पाहिजे होती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण माझं तोंड ओरडायला जेवढं पटकन उघडतं तेवढं माफीला उघडत नाही. उद्या बघू, परवा बघू म्हणता म्हणता तीन वर्षं गेली.

मग आम्ही दुकानावर घर बांधलं. जिना दुकानातूनच. वास्तुशांतीचा शुक्रवार ठरला, पत्रिका वाटल्या, आणि बायकोनं शांतपणे सांगितलं, "माझं आबा आलं न्हाईत तर मी पाटावर बसणार न्हाय. तुमी एकटंच बसा. न्हायतर एखादं पेंडीचं पोतं घ्या शेजारी." ती ओरडली असती तर मी समजून चाललो असतो की राग दोन दिवसांत जाईल. ती ओरडली नाही. मी हळूच गुरुजींना फोन करून विचारलं, की पत्नी नसेल तर सुपारी ठेवून चालतं म्हणतात, खरं का? बायकोनं ते दाराआडून ऐकलं. त्यापुढचे दोन दिवस मी खाणावळीत जेवलो.

शेवटी सासूबाईंनीच वाट दाखवली. फोनवर म्हणाल्या, "रविवारी सकाळी ह्यो माणूस होडी घिऊन गळाला जातो. तुमी होडीत बसा. घरात आलासा तर त्यो उठून रानात जाईल. होडीतनं कुठं जातोय?"

मला हे एकदम पटलं. पण नुसतं बसून काय होणार? काहीतरी करून दाखवायला पाहिजे. म्हटलं, मामांना असे मासे मिळवून देतो की आयुष्यात मिळाले नसतील. मग आपोआप गाडी रुळावर येईल. तीन रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितले. होडीतून मासा जवळ कसा बोलवायचा, यावर जगात एवढी माणसं बोलतात हे मला माहीतच नव्हतं. एकजण पाण्यात चमकणारी पत्र्याची पट्टी सोडत होता, दुसरा होडीच्या कडेला टकटक करत होता, तिसरा आधी चारा टाकून मासे गोळा करत होता. चारा म्हटल्यावर मी ताठ बसलो. अहो, हा तर आपला धंदा! उभ्या तालुक्यातल्या म्हशी माझ्या चाऱ्यावर जगतात, तिथं बोटभर मासा म्हणजे काय मोठं लागून गेलं?

शनिवारी रात्री दुकानातल्या सगळ्यात मोठ्या बादलीत अंबोण भिजवलं. शेंगपेंड, मक्याचा भरडा, भुसा, वरून कारखान्याची मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरतो तो काळा गोड पाक. दुभत्या म्हशीला देतो त्याच मापानं, आणि पाहुणचार म्हणून दोन मापं जास्त. मूठभर कोरडी पेंडही एका पिशवीत घेतली, आणि चमकायला म्हणून वास्तुशांतीच्या आहेरासाठी आणलेल्या चमच्यांच्या डब्यातला एक स्टीलचा चमचा. बायको बघत होती. तिनं उरलेले चमचे मोजून डबा कपाटात ठेवला.

पहाटे कळसच्या रस्त्यानं निघालो तर पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. हॉर्न वाजवून वाजवून माझा तोल गेला होता, आणि गाडीत मळीचा असा वास की माझ्याच मागं माश्या लागल्या. लोणी देवकरच्या पलीकडं, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला मामांचं गाव. पोचलो तर मामा होडीत बसून वल्हं हातात घेत होते. मी बादली ठेवली आणि आत जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, काठावर उभ्या सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई लगेच भांडी घासायला वळल्या. मामा वल्हवायला लागले.

होडीत आम्ही दोघं आणि गांडुळांचा एक पत्र्याचा डबा. मामा माझ्याशी बोलणार नव्हते, पण बोलल्याशिवाय त्यांनाही राहवत नव्हतं. म्हणून ते डब्याशी बोलायला लागले.

"होडीत हलायचं न्हाय," ते डब्याला म्हणाले.

मी हलायचा थांबलो.

"आन तोंड बंद ठेवायचं. मासा आवाजानं पळतो."

डबा गप बसला, मीही गप बसलो. पण माझ्यासारख्या माणसानं किती वेळ गप बसायचं? पंधरा मिनिटं झाली असतील. त्यांचा गळ पाण्यात, थर्माकोलचा तुकडा वर डुलतोय, आणि सगळीकडं शांत. मी हळूच दोरी बांधलेला चमचा काढला आणि माझ्या बाजूनं पाण्यात सोडला. वर-खाली, वर-खाली. उन्हात छान चमकत होता.

मामांनी ते बराच वेळ बघितलं. मग डब्याकडं वाकून म्हणाले, "मासं चहा घेत्यात का रं?"

मी चमचा वर घेतला. माझे कान गरम झाले. आता दाखवतोच म्हणून मी बादली उचलली आणि होडीच्या कडेनं अंबोण ओतायला सुरुवात केली. थोडंथोडकं टाकायचं माझ्या रक्तातच नाही. दुकानात मी गिऱ्हाइकांना सतत ओरडतो, की जनावराचं पोट भरा, हात आखडू नका. तेच इथं केलं. सगळी बादली. तळाला चिकटलेलं हातानं खरवडून तेही टाकलं.

आणि काय सांगू तुम्हाला! पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. चिलापी, शेकड्यानं चिलापी, होडीच्या चारी बाजूंनी वर आल्या. कुठं शेपटी, कुठं पाठ, कुठं नुसतं तोंड आ करून. होडीच्या बुडाला त्यांच्या धडका जाणवत होत्या. मला एवढा आनंद झाला की मी उठून उभाच राहिलो. होडी डचमळली, मामांनी डब्याला सांगितलं, "बसायला सांग त्येला," आणि मी बसलो. पण माझी छाती दोन इंच फुगली होती. मनात म्हटलं, आता ओढा मामा, किती ओढायचे ते.

मामांनी गळ बरोब्बर त्या गर्दीत टाकला.

काही नाही.

गांडूळ बदललं. काही नाही. कणकेची गोळी लावली. एक मोठी चिलापी गोळीजवळ आली, तिनं गोळीला नाकानं ढकललं आणि निघून गेली. मी तिला डोळ्यांनी बघितलं. पाऊण तास झाला, तास झाला, दीड तास झाला. अंबोण संपलं तसे मासेही पांगले. दोन-तीन उगाच होडीखाली घोटाळत होते, जेवण झाल्यावर मांडवात रेंगाळतात तसे. गळाला मात्र एकही नाही. ऊन वर आलं. माझ्या हाताला मळी, मळीवर माश्या.

मामा डब्याला म्हणाले, "जेवून उठलेल्याला कुणी परत पंगतीला बसवतं व्हय?"

माझं डोकं सटकलं. एवढा वेळ गप बसलो होतो ते सगळं एकदम बाहेर पडलं. "मग काय उपाशी ठेवायचं? आमच्या धंद्यात असलं चालत नाही! आधी पोट भरायचं, मग जनावर देतं! वीस वर्षं हेच करतोय मी. पोट भरलं तरच दूध येतं!"

मामा गर्रकन वळले. डब्याकडं नाही, माझ्याकडं.

"मग दूध काढायला आलाय व्हय हितं? काढा की! कासंला हात घाला त्यांच्या!"

आणि मग आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले होते. ते तोंड फिरवून डब्याकडं बघायला लागले, पण त्यांच्या मिशीची टोकं हलत होती. मग त्यांना आवरलंच नाही. ते हसायला लागले, मोठ्यानं, खोकला लागेपर्यंत. मीही हसलो. होडी आमच्या हसण्यानं हलत होती आणि उरलासुरला प्रत्येक मासा तिथून पळाला असणार.

"चला," ते म्हणाले. "जरा खाली सरका. तिकडं घेतो."

ते वल्हवत राहिले आणि मधूनमधून दोन्हीकडं बघत राहिले. एका बाजूला लांबच्या एका कंपनीची निळी टाकी, दुसऱ्या बाजूला काठावरचा पिंपळ. दोन्ही त्यांना पाहिजे तशी एका ओळीत आली तसं त्यांनी वल्हं थांबवलं. माझ्या डोळ्यांना सगळीकडं सारखंच पाणी.

"हितं आमचा गोठा हुता," ते म्हणाले. "धरणात गेला. भिंतीचं दगड हायत अजून, गव्हाण हाय. मासा उघड्यावर थांबत न्हाय. त्येला आडोसा लागतो. आमच्या गव्हाणीत ऱ्हात्यात आता."

मी पाण्यात वाकून बघितलं. हिरवं पाणी, दुसरं काही दिसत नव्हतं. किती म्हशी होत्या विचारलं तर म्हणाले, "चार. आन एक रेडी. रेडी इकावी लागली." विशीतला हा माणूस इथं सकाळी उठून शेण काढत असेल, आणि आता तो वरून होडीतून खाली बोट दाखवून जागा सांगतो. आणि मी पेंडीच्या एका थप्पीसाठी या माणसावर ओरडलो होतो.

"ती कोरडी पेंड द्या," ते म्हणाले.

मी पिशवी पुढं केली. त्यांनी चिमूटभर घेतली, बोटांनी चुरली आणि पाण्यावर सोडली. मग थांबले. एवढा वेळ थांबले की मला वाटलं विसरले. मग परत चिमूटभर. "वास लागला पायजे, पोट भराया नगं," ते म्हणाले. "मासा हुडकत आला पायजे. हुडकणारा मासाच गळ धरतो."

थर्माकोलचा तुकडा बुडाला. मग परत बुडाला. मग मलाही गळ दिला, आणि मी आयुष्यातली पहिली चिलापी ओढली. तळहाताएवढीच होती, पण मी असा ओरडलो की काठावरचे बगळे उडाले. मामांनी डब्याला काहीतरी सांगितलं ते मी ऐकलं नाही.

परतताना मी धीर केला. पाय बघत बोललो, कारण वर बघून बोलणं मला जमलं नसतं. "मामा, त्या दिवशी माझं चुकलं. माझ्या तोंडाला हाड नाही. शुक्रवारी या. तुमची पोर पाटावर बसणार नाही म्हणतीय."

त्यांनी वल्हं थांबवलं नाही. "राग गेला कवाच," ते म्हणाले. "पर मी शब्द दिलाय. त्या उंबऱ्याला पाय लावला तर मिशी उतरवायची."

"अहो, तसं बोलायची एक रीत असते. खरोखर कोण उतरवतं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप बसलो.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी येत न्हाईत." आणि पुरणाची डाळ निवडायला बसली.

शुक्रवार उजाडला. वर गुरुजींनी मांडामांड केली, पाहुणे भरले, सासूबाई मेहुण्याच्या गाडीतून आल्या, एकट्याच. "काय म्हाईत कुठं गेलं सकाळी सकाळी," एवढंच म्हणाल्या. बायको नव्या साडीत, पाटापासून हातभर लांब, भिंतीला टेकून उभी. गुरुजी घड्याळ बघतात, मी गुरुजींकडं बघतो, बायको कुणाकडंच बघत नाही. मला तिथं थांबवेना म्हणून मी खाली दुकानात आलो. सोवळं नेसलेलं, खांद्यावर उपरणं, आणि समोर अर्धं शटर वर.

शटरखालून वाकून एक म्हातारा आत डोकावला. हातात पाणी गळणारी पिशवी. माझा जीव आधीच टांगलेला, त्यात हे गिऱ्हाईक. सवयीनं तोंड उघडलं. "दुकान बंद आहे बाबा, आणि ती पिशवी..."

आणि तिथंच माझा आवाज बसला.

मी त्यांना ओळखलं नव्हतं. खरंच सांगतो, ओळखलं नव्हतं. नाकाखाली नुसती गोरी पट्टी, उन्हानं वर्षानुवर्षं न बघितलेली. तोंड एवढंसं झालेलं. वस्तरा लागून एका बाजूला बारीक रक्त आलेलं. उंबऱ्याच्या अलीकडं पायांचे अंगठे टेकवून उभे, पिशवी धरलेली, आणि पुढं पाऊल टाकत नव्हते.

"बाहीर ठेवतो," ते म्हणाले. "आज पूजा हाय. ध्यानात हाय माझ्या. उद्याला म्हणून आणली."

मी पुढं झालो, त्यांच्या पाया पडलो, हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन शेंगपेंडीच्या थप्पीवर ठेवली. सगळ्यात वरच्या पोत्यावर, मधोमध.

"अवो, पेंडीला वास लागंल," मामा म्हणाले.

"लागू द्या."

त्यांनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

वर गेलो तर सगळी बडबड थांबली. आपल्याकडं मिशी उतरवलेला माणूस दिसला की लोक एकच समजतात. एक मावशी तर डोळ्याला पदर लावून पुढं आली, "कोण गेलं वो?" गुरुजींच्या हातातली दर्भाची काडी खाली पडली. घरात सुतक असेल तर पूजा होत नाही, म्हणून त्यांनीही घाबरून विचारलं, "काही अशुभ झालंय का?"

"कुणी ग्येलं न्हाय," मामा म्हणाले. "मिशी काय, परत उगवती."

बायको भिंतीपासून हलली. बापाजवळ गेली आणि त्या गोऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं, रक्त पुसलं. एकदम हसली, हसता हसता रडली, मग बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून तशीच उभी राहिली. गुरुजी मुहूर्त म्हणत होते, कुणी ऐकत नव्हतं. मग ती आली आणि माझ्या शेजारी पाटावर बसली. मी पळीनं पाणी सोडायला लागलो तसा तिनं माझा हात खालून धरला.

सोमवारी एक गिऱ्हाईक त्या वरच्या पोत्यातली पेंड परत घेऊन आलं. म्हणालं, मासळीचा वास मारतोय, म्हैस तोंड लावत नाही. आधीचा मी असतो तर त्याच्या म्हशीची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. मी मुकाट्यानं दुसरी पेंड दिली. ते पोतं तसंच कोपऱ्यात ठेवलंय, ते विकायचं नाही. रविवारी त्यातली मूठभर पेंड पिशवीत घालतो आणि कळसचा रस्ता धरतो. मूठभरच.